व्हायटल सिंथ: वेव्हटेबल राहू द्या, एन्व्हलप बघा

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर लग्नाची ऑर्डर बसली आहे त्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. व्हायटल घ्या, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज घडवायचं सॉफ्टवेअर-वाद्य. फुकट आहे आणि कामाचा आहे. फक्त घेतल्यावर त्या हलणाऱ्या वेव्हटेबलच्या (ज्यांतून आवाज निघतो त्या लहरींच्या संचाच्या) चित्रांत रमू नका. स्क्रीनच्या उजव्या बाजूला एन्व्हलपच्या, म्हणजे आवाजाचा चढ-उतार ठरवायच्या, चौकटी आहेत, तिथे जा. आपल्याकडच्या आवाजांसाठी या सिंथमध्ये जे काही घेण्यासारखं आहे, त्यातलं पाऊण तिथेच आहे.

मी अमळनेरचा. बरीच वर्षं बँडच्या गाडीवर उभा राहून कीबोर्ड वाजवला. आता गाडी सोडली, आणि घराच्या मागच्या खोलीत अहिराणी गाण्यांचे ट्रॅक करतो. लग्नसराईत हळदीची आणि नाचायची गाणी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याची, श्रावणात आमच्या कानबाई देवीची, थंडीत शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक. सामान म्हणाल तर एक जुना लॅपटॉप, चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड, दोन स्पीकर आणि इन्व्हर्टर. व्हायटल भाच्याने टाकून दिला. तो पुण्याला शिकतो, सुट्टीत आला की माझ्या लॅपटॉपवर काहीतरी नवं टाकून जातो आणि मग फोनवर विचारत बसतो, "मामा, वापरलं का?" बहुतेक वेळा मी विषय बदलतो. हे मात्र रोज वापरतोय.

पैशाचं आधी. व्हायटल मॅट टायटेल नावाच्या प्रोग्रामरने केला, नोव्हेंबर २०२० मध्ये आला. फुकटच्या आवृत्तीत ७५ प्रीसेट (तयार आवाज) आणि २५ वेव्हटेबल मिळतात. २५ डॉलर आणि ८० डॉलर अशा वरच्या आवृत्त्या आहेत, त्यांत प्रीसेट आणि वेव्हटेबल जास्त. पण इंजिन सगळ्यांत तेच. तीन ऑसिलेटर (मूळ लहर काढणारे), एक सॅम्पलचा (तयार ध्वनीचा) कप्पा, दोन फिल्टर (आवाज गाळणारे), सहा एन्व्हलप, आठ एलएफओ (खुंट्या आपोआप पुन्हा पुन्हा हलवणारे). फुकटवाल्याला एकही खुंटी (फिरवायचं बटण) कुलूप लावून दिलेली नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. खातं उघडावं लागतं, तेवढं इंटरनेट लागतं, आणि पुढे लाइट गेली तरी आपलं काम चालू.

प्रीसेट आपल्या कामाचे थोडे. बास दणदणीत आहेत, पॅड (मागे भरून राहणारे आवाज) गोड आहेत, आणि बाकी बराचसा मामला परदेशी नाचगाण्यांचा. बेटावदचा आमचा ढोलकीवाला एका दुपारी बसला होता. त्याला मी एक फुंकीच्या वाद्यासारखा वाटणारा लीड (मुख्य चाल वाजवायचा आवाज) ऐकवला आणि विचारलं, आदिवासींच्या पावरी या वाद्याच्या जागी चालेल का? तो म्हणाला, "काय भो, हाई पावरी शे का मोटारना हॉर्न?" त्याचं बरोबर होतं. आवाजाचा पोत जवळपास जात होता, पण तो येत होता एकदम आणि जात होता एकदम. हॉर्नचा तोच गुण असतो.

इथेच एन्व्हलपचं काम सुरू होतं. ज्यांनी आजवर बँडच्या कीबोर्डवर फक्त टोनचा नंबर दाबून वाजवलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, जाणकारांनी पुढे सरकावं. कळ दाबल्यापासून आवाज पुरता विझेपर्यंत चढ-उतार कसा व्हायचा हे एन्व्हलप जनरेटर ठरवतो. तो स्वतः वाजत नाही, दुसऱ्या कुठल्या तरी खुंटीला वर-खाली करतो. व्हायटलमध्ये त्याचे सहा टप्पे आहेत. विहिरीवरची मोटर डोळ्यांसमोर आणा. स्टार्टर दाबला की पाइप भरेपर्यंत पाणी नाही, तो डिले. मग धार वाढत जाते, तो अटॅक. पहिला जोर थोडा वेळ टिकतो, तो होल्ड. मग धार उतरते, तो डिके, आणि एका मापावर येऊन चालत राहते, तो सस्टेन. मोटर बंद केल्यावरही पाइपातलं उरलेलं पाणी सांडतं, तो रिलीज. यांतले पाच टप्पे म्हणजे वेळ, सस्टेन तेवढी पातळी. नवीन पोरं सूर लांबवायला सस्टेन वाढवत बसतात. सूर लांबतो तो बोट कळीवर ठेवल्याने.

ही मांडणी व्हायटलने शोधलेली नाही. १९६५ मध्ये कोलंबिया-प्रिन्स्टनच्या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रातले व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी रॉबर्ट मूग यांच्याकडून असं यंत्र करवून घेतलं. पुढे एआरपी कंपनीने त्याला अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज असं चार खुंट्यांचं सुटसुटीत रूप दिलं, ते आजतागायत चालू आहे. आपल्या देशात मूग आला १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तो तिथे बसवून दिला. म्हणजे आमच्या सुरत लाइनने एका रात्रीच्या अंतरावर ते यंत्र होतं, आणि इकडे आमच्या बँडवाल्यांना हार्मोनियमच्या भात्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. असो.

व्हायटल बाकीच्यांपेक्षा कुठे वेगळा, तर एन्व्हलप तो नुसता आकड्यांत ठेवत नाही, काढून दाखवतो. रेघेवर तीन-चार ठिपके असतात, ते ओढले की वेळ आणि पातळी बदलते. दोन ठिपक्यांच्या मधली रेघ धरून वर-खाली ओढली की ती वाकते. आणि कळ दाबली की त्या रेघेवरून एक उजळ ठिपका पळताना दिसतो. दोन बोटांनी दोन सूर मागेपुढे दाबले तर कुठला कुठे पोहोचला ते दिसतं. वीस वर्षं कानावर काम केलेल्या माणसाला डोळ्यांची काय गरज, असं मला आधी वाटायचं. पण शिकवताना हा ठिपका भलताच कामाचा आहे. माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणारी एक आठवीतली मुलगी तो ठिपका बघून पहिल्याच दिवशी रिलीज म्हणजे काय ते समजली. मी बोलून समजावलं असतं तर आठवडा गेला असता.

रेघ वाकवण्याची सोय किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही. ढोलकी घ्या, टाळ घ्या, घंटा घ्या. आवाज विझताना प्रत्येक क्षणी उरलेल्या जोरातला ठरावीक हिस्सा जातो. म्हणून उतार आधी झपकन आणि मग हळूहळू असा येतो. जुन्या ॲनालॉग सिंथमध्ये कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा व्हायचा, त्याचाही उतार असाच, म्हणून ती यंत्रं कानाला आपली वाटायची. कॉम्प्युटरवर सरळ पट्टीने मारलेला उतार काढला तर आवाज बराच वेळ तरंगतो आणि शेवटी कापल्यासारखा जातो. व्हायटलमध्ये डिके आणि रिलीजची रेघ मुळातच वाकलेली मिळते, आणि आणखी किती वाकवायची ते आपल्या हातात असतं. एकाच २०० मिलिसेकंदांच्या डिकेतून नुसती रेघ वाकवून मी डफाची थापही काढली आणि पाण्याचा थेंबही. आकडा तोच.

आता पावरी. बाहेरच्यांना सांगायचं तर साक्री-नवापूरकडच्या डोंगराळ भागातलं हे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य: भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे शिंग. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती रात्ररात्र वाजते. नंदुरबार-शहाद्याच्या पट्ट्यातले नाचाचे ट्रॅक तर कीबोर्डवरच्या पावरीवरच उभे आहेत, आणि त्यांतले निम्मे त्या हॉर्नच्या जातीचे आहेत.

मी असं केलं. ऑसिलेटरला करवती लहर, पुढे लो-पास (वरचा तीक्ष्णपणा कापणारा) फिल्टर. एन्व्हलप १ आवाजाच्या जोरालाच बांधलेला असतो, तो सोडवता येत नाही, सोडवायची गरजही नाही. त्याला अटॅक ७० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज ९०. हॉर्नपणा इथेच अर्धा गेला. मग एन्व्हलप २ फिल्टरच्या कटऑफवर, म्हणजे कुठून कापायचं ते ठरवणाऱ्या खुंटीवर. हे करायचं म्हणजे एन्व्हलपच्या नावाची पट्टी माउसने धरून थेट त्या खुंटीवर नेऊन सोडायची. ओढायला लागलं की जिथे जिथे सोडता येईल त्या सगळ्या जागा उजळतात, सोडलं की खुंटीभोवती एक कडं उमटतं, आणि ते कडं मोठं-लहान केलं की असर कमी-जास्त. कुठला मेनू नाही, कुठली यादी नाही. या एका गोष्टीसाठी मी टायटेलला आखाजीची पुरणपोळी खाऊ घालायला तयार आहे.

एन्व्हलप २ चा अटॅक मी मुद्दाम जास्त ठेवला, ११० च्या आसपास. म्हणजे आधी जोर येतो, मागून उजेड येतो. फुंकीच्या वाद्यांत हेच होतं. १९६० च्या दशकात बेल लॅब्समध्ये ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटचे सूर उकलून दाखवलं की जसा जोर वाढतो तसे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर) वाढत जातात; सगळे हार्मोनिक एकदम आणले तर ट्रम्पेट ट्रम्पेट राहत नाही. पावरीलाही ते लागू पडतं, हे मी कानाने ताडून पाहिलं आहे.

एन्व्हलप ३ सॅम्पलच्या कप्प्यावर. त्यात पांढरा नॉइज (नुसता सरसर आवाज) असतो, तोच ठेवला. अटॅक शून्याजवळ, डिके १२० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. कळ दाबताच नुसता एक फुस्स होतो आणि विझतो. हा फुंकेचा आवाज मिक्समध्ये वेगळा ऐकू येत नाही. काढून टाकला की मात्र लगेच काहीतरी गेल्यासारखं वाटतं. एन्व्हलप ४ ऑसिलेटरच्या ट्यूनवर, तोही उलटा: सूर किंचित खालून सुरू होतो आणि ८० मिलिसेकंदांत जागेवर येतो. किती खालून, तर ऐकणाऱ्याला बेसूर वाटू नये आणि कीबोर्डही वाटू नये इतकंच. ट्रान्सपोज खुंटीवर हा प्रयोग करू नका, तिथे जरा हात हलला तरी सूर खोलीभर धावतो. ट्यूनची खुंटी बारीक आहे, ती घ्या.

या सगळ्यात सुरुवातीचे शंभर मिलिसेकंदच खाल्ले जातात, तरी तेवढ्यावरच सगळं ठरतं. १९४८ मध्ये पिअर शेफर यांनी पॅरिसमध्ये घंटेचं ध्वनिमुद्रण घेऊन तिचा पहिला टोला कापून टाकला, तर उरलेला आवाज घंटेचा वाटेना, फुंकीच्या वाद्याकडे झुकायला लागला. लाउडस्पीकरवरून आलेली पावरी आपण पावरी म्हणून ओळखतो ती त्या पहिल्या फुंकेवरून. वेव्हटेबल तुम्ही कितीही भारी लावा.

पण खरी परीक्षा पुढे झाली. नवापूरकडचे एक पावरीवाले बाबा दुसऱ्या एका रेकॉर्डिंगसाठी माझ्याकडे आले होते. त्यांना मी माझी पावरी ऐकवली, जरा ऐटीतच. त्यांनी पूर्ण ओळ ऐकून घेतली, हाताने ती पुन्हा लावायला सांगितली आणि म्हणाले, "दरेक सुराला नवा फुंक कशाला? फुंक एकच असतो. बोटं बदलतात." पावरीवाला श्वास तुटू न देता वाजवतो, गालात हवा धरून नाकाने दम घेतो. माझी पावरी मात्र प्रत्येक कळीला नव्याने फुंकत होती, कारण प्रत्येक कळीला चारही एन्व्हलप पहिल्यापासून सुरू होत होते.

व्हायटलमध्ये याचा इलाज खालच्या बाजूलाच आहे. व्हॉइसेस (एका वेळी वाजणारे सूर) १ करायचे आणि लेगाटो चालू करायचं. मग पहिली कळ सोडायच्या आत दुसरी दाबली तर एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही, नुसता सूर बदलतो. बोट उचलून दाबलं तरच नवा फुंक. आता फुंक कुठे घ्यायचा ते वाजवणाऱ्याच्या बोटांत आलं. ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) थोडासाच दिला, कारण पावरीला भोकं असतात, तिथे सूर व्हायोलिनसारखा घसरत नाही. बाबांनी दुसऱ्यांदा ऐकलं आणि मान हलवली. स्तुती वगैरे नाही केली. चहा मागितला, तेवढ्यावर मी पास झालो असं धरून चाललो आहे.

संबळ मला जास्त जड जाईल असं वाटलं होतं, ते उलट लवकर झालं. संबळाच्या ढोल्या भांड्यावर वाकड्या टिपरूने घासलं की जो घुमारा निघतो, त्यात सूर वर चढतो. साध्या साइन लहरीवर जोराचा एन्व्हलप ठेवला: अटॅक जेमतेम २ मिलिसेकंद, डिके ४००, सस्टेन शून्य. आणि एन्व्हलप २ ट्रान्सपोजवर, इथे मात्र ट्रान्सपोजच पाहिजे. अटॅक १५० मिलिसेकंद, आणि ती चढणीची रेघ अशी वाकवली की सुरुवातीला सपाट राहील आणि शेवटी उचलेल. रेघ सरळ असताना तो आवाज व्हिडिओ गेममधला वाटत होता. वाकवली आणि घूं झालं.

यात एक खाचखळगा आहे, तो सांगून ठेवतो. अटॅक अगदी शून्य ठेवला तर प्रत्येक ठोक्याला टच्च असा आवाज येऊ शकतो, कारण लहर भलत्याच उंचीवरून सुरू होते. त्यासाठी ऑसिलेटरवर फेजच्या (लहर कुठून सुरू व्हावी त्या) खुंटीशेजारी रँडमची खुंटी आहे, ती शून्यावर आणायची, म्हणजे प्रत्येक ठोका एकाच जागेवरून सुरू होतो. ती पूर्ण उघडी असली तर एक ठोका भरीव आणि दुसरा पोकळ असं होत राहतं, आणि माणूस उगाच कॉम्प्रेसरला शिव्या देत बसतो. पॅडला तेच रँडम छान लागतं.

रिलीजवर दोन शब्द जास्त बोलतो, कारण आमच्या भागातल्या ट्रॅकमध्ये सगळ्यात जास्त बिघाड तिथेच असतो. नाचायचं गाणं १४० च्या लयीत असेल तर एक मात्रा साधारण ४२९ मिलिसेकंदांची, आणि तिचा पाव भाग १०७ चा. आता लीडचा रिलीज ४०० ठेवला तर प्रत्येक सुराच्या शेपटीवर पुढचे तीन सूर उभे राहतात. घरात हेडफोनवर हे भरगच्च वाटतं. हेच मांडवाबाहेर डीजेच्या भिंतीवर लावा, समोर पत्र्याचं शेड आणि बाजूला मंगल कार्यालय. जागा स्वतःच शेपूट लावते, आणि गाण्यातला एक शब्द कळत नाही. मी आता लयीच्या पाव मात्रेपेक्षा रिलीज कमी ठेवतो आणि घुमवायचं ते रिव्हर्बवर सोडतो. ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागा, मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

रिलीज छोटा ठेवण्याचं दुसरं कारण मे महिना. आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि त्या दिवसांत लॅपटॉप आधीच तापलेला. व्हायटल प्रोसेसर खातो, हे मान्य करून चालायचं. एका ऑसिलेटरला १६ पर्यंत युनिसन (एकाच सुराच्या एकदम वाजणाऱ्या नकला) देता येतो; तिन्हींना दिला आणि आठ सूर एकदम वाजले तर ३८४ लहरी एका वेळी चालतात. त्यात रिलीज लांब असेल तर बोट उचललं तरी ते सूर मागे जिवंतच असतात आणि मोजणीत येतच राहतात. ऐकू येवो न येवो. म्हणून युनिसन तीन-चारवर, ॲडव्हान्स्ड टॅबमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आवाज जास्त बारकाईने मोजणं) काम चालू असताना कमी, शेवटचं मिक्स काढताना वाढवलेलं, आणि रिलीज पाहिजे तेवढाच. एवढं पाळलं तर माझ्या जुन्या मशीनवर चार-पाच ट्रॅक निभतात. कूलर मात्र रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा लागतो, त्याला व्हायटल काय करणार.

लेटन्सीबद्दलही, म्हणजे आवाज यायला लागणाऱ्या उशिराबद्दल, एक. पोरं येतात आणि म्हणतात, कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतोय, साउंड कार्ड बदलू का? आधी अटॅक बघा. बफर (एका वेळी साठवून पुढे दिले जाणारे आवाजाचे नमुने) २५६ आणि सॅम्पल रेट (सेकंदाला नमुने) ४४,१०० असेल तर बफरचा उशीर जेमतेम ६ मिलिसेकंद होतो. ड्रायव्हर आणि कार्ड त्यात थोडी भर घालतात, तरी ७० मिलिसेकंदांच्या अटॅकपुढे तो काहीच नाही. हळू उठणारा आवाज ठोक्यावर वाजवायचा असेल तर बोट थोडं आधी पडलं पाहिजे. हार्मोनियमवाल्याला हे सांगावं लागत नाही, कारण भाता आधी भरायची त्याला सवय असते.

तक्रारी. पहिली मोठी तक्रार ही की एन्व्हलपच्या वेळा सेकंदांत आहेत, लयीत बांधता येत नाहीत. गिऱ्हाईक शेवटच्या दिवशी म्हणतं, भाऊ, गाणं जरा पळवा, आणि मग आपण प्रत्येक ट्रॅकचे डिके-रिलीज पुन्हा मोजत बसतो. वाट आहे, पण वळसा घालून: एलएफओला एन्व्हलप मोडवर टाकायचं. मग तो गोल गोल न फिरता कळीला एकदाच धावतो, त्याचा आकार हवा तसा काढता येतो, हव्या तितक्या ठिपक्यांनी, आणि तो लयीला बांधलेला राहतो. कानबाईच्या एका गाण्यात मागे जो तारेचा झणत्कार आहे तो असाच केला आहे: एका कळीत तीन उसळ्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा बुटकी. एन्व्हलपमध्ये हे होणारच नाही, कारण तिथे चढ एक आणि उतार एक. मग ही लयीची सोय साध्या एन्व्हलपलाच का दिली नाही, हे मला कळत नाही.

दुसरी तक्रार बारीक. एन्व्हलपच्या खुंट्या लहान वेळांत फार चंचल आहेत. ८ मिलिसेकंद आणि १२ मिलिसेकंद यांत ढोलकी आणि डबा इतका फरक पडतो आणि माउसने ते नेमकं धरणं म्हणजे कटकट. उजवी क्लिक करून आकडा टाइप करा, सुटाल. आणि बोटाच्या जोरासाठी खाली व्हेलॉसिटी ट्रॅकची खुंटी आहे, ती शून्यावर असेल तर हळू दाबा की आपटा, आवाज सारखाच. संबळ करताना ती उघडलीच पाहिजे. मी त्याच्यापुढे जाऊन व्हेलॉसिटी एन्व्हलप १ च्या डिकेवरही ओढली, म्हणजे जोरात मारलं की घुमारा लांबतो. एन्व्हलपच्या खुंट्यांवरही दुसरं काही ओढून टाकता येतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं असं नाही, पण नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

दुसऱ्यांशी तुलना फार करत नाही. सर्ज एक्सटी हाही फुकट आहे, त्याचा आवाज मला काही बाबतींत जास्त मऊ वाटतो, पण त्यात एका सीनला (आवाजाच्या एका थराला) फिल्टरचा एक आणि जोराचा एक असे दोनच ठरलेले एन्व्हलप. बाकीची कामं एलएफओच्या अंगावर. माझी पावरी चार खाते. सिरम २०१४ मध्ये आला, सगळ्या मोठ्या शहरांत तोच चालतो, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत तीन एन्व्हलप. पैसे मोजून तीन आणि फुकट सहा, यात अमळनेरचा माणूस काय निवडेल ते सांगायला नको. ज्यांना पियानो, सनई, बासरी असे तयार आवाज पाहिजेत त्यांनी यातलं काहीच घेऊ नये. त्यांना सॅम्पलवाला कीबोर्ड किंवा लायब्ररी बरी. सिंथमध्ये हात घालायला वेळ लागतो आणि लग्नाची तारीख थांबत नाही.

पैसे देऊन वरची आवृत्ती घ्यावी का, असं भाच्याने विचारलं. मी म्हटलं, प्रीसेटसाठी नको. टायटेलला हातभार म्हणून २५ डॉलर द्यायचे तर खुशाल द्यावे, माणसाने काम केलंय. ८० डॉलर मात्र जळगावला जाऊन बंद कपांच्या हेडफोनवर घालवावे. दहा मिलिसेकंदांचा अटॅक लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू येत नाही, आणि जो ऐकू येत नाही तो बसवायचा कसा?